मामाच्या मांडीची जागा

आमच्या औसा तालुक्यातलं कुणी शिरूरकडं मुद्दाम जात नाही. पुण्याला जातात, आळंदीला जातात, पण केंदूर म्हणलं की समोरचा माणूस "ते कुठं आलं?" असंच विचारतो. मी जाऊन आले. पाच दिवस राहिले. परत आल्यापासून घरात सांगायला कुणी नाही. भिंतीला सांगून झालं, शेजारणीला दोनदा सांगून झालं, आता तीही मला बघून दार लोटते. म्हणून लिहायला बसले.

गेले होते नातवाच्या जावळाला. माझी मुलगी शीतल केंदूरला दिलेली. तिचा रुद्र अकरा महिन्यांचा. त्यांच्या घरात जावळ वर्षाच्या आत काढतात, नाही जमलं तर मग थेट तिसऱ्या वर्षी. आणि लेकराचे पहिले केस उतरवताना त्याला मांडीवर घेऊन बसायचा मान मामाचा. रुद्रला मामा एकच, माझा महेश. तो बंगळुरात नोकरीला. ठरलं असं होतं की तो विमानानं पुण्याला उतरणार, गाडी करून दौंड स्टेशनात मला घ्यायला येणार, आणि आम्ही मायलेक मिळून केंदूरला जाणार. मामाचा आहेर, म्हणजे रेशमी झबलं, टोपडं आणि चांदीचे वाळे, मी माझ्या पिशवीत घेतला होता. महेशला कपड्यातलं काय कळतंय!

दौंड

कुर्डुवाडी सुटली आणि महेशचा फोन आला. "आई, ऐक, चिडू नको." ह्या वाक्यानं सुरू झालेला फोन चांगला संपलेला मला तरी आठवत नाही. ऑफिसात कसली तरी तपासणी आली होती, सुट्टी रद्द झाली होती. "पुढच्या वेळी नक्की येतो," म्हणाला. "अरे, पहिले केस काय दर वर्षी येतात का?" म्हणलं. त्यावर रेंज गेली, का त्यानंच फोन ठेवला, देव जाणे.

दौंडला उतरले. हे गाड्या बदलणाऱ्यांचं गाव. फलाटावर जो तो कुठून तरी आलेला आणि कुठं तरी निघालेला. मी बाकावर बसले आणि महेशला आवडतात म्हणून केलेल्या धपाट्यांचा डबा उघडला. रागारागानं तीन खाल्ले. चहावाला म्हणाला, "मावशी, कुनी न्यायाला येनार हाय का?"

"येतोय की लेक. वाटेत आहे," मी म्हणाले.

आता त्या चहावाल्याला खोटं सांगून मला काय मिळणार होतं? पण तोंडातून गेलं. आणि एकदा गेल्यावर मग पुढं सोपं होत गेलं. जावयांना फोन केला असता तर ते कंपनीतून सुट्टी टाकून न्यायला आले असते, पण "मामा कुठं आहेत?" हा प्रश्न पहिला आला असता. तो मला नको होता. मी पिशव्या उचलल्या आणि एसटी धरली.

चौफुल्यावरून तळेगाव

चौफुल्याला गाडी बदलायची होती. तासभर हातात होता. रस्त्याकडंला गुऱ्हाळ चाललेलं, सगळीकडं पाकाचा वास. कामगार सगळे उत्तरेकडचे. एका पोरसवदा माणसानं कढईतला ताजा गूळ उसाच्या कांड्यावर काढून दिला. "अम्माजी, गरम है, फूँक के खाना." मी कुठलं ऐकते! जीभ भाजली. पण चव अशी, की भाजलेल्या जिभेनं आणखी मागितला. आमच्याकडंही ऊस आहे, पण प्यायचं पाणी रेल्वेनं आणायची पाळी आलेली आम्ही पाहिली आहे. इथं मात्र पाटानं पाणी, पुढं पारगावच्या पुलाखाली भीमा. नदीवर जलपर्णी इतकी दाटलेली, की पहिल्यांदा मला वाटलं हिरवं रानच आहे.

न्हावऱ्याहून तळेगाव ढमढेऱ्याला जीप. तिथं बाजार होता, त्यामुळं जीपमध्ये माणसं कमी आणि मेथी जास्त. माझ्या मांडीवर एका बाईची कोथिंबिरीची पाटी. आहेराची पिशवी मी छातीशी धरलेली. ती बाई म्हणाली, "काय सोनं हाय का काय पिशवीत?"

"नातवाचं झबलं आहे."

"आजी व्हय तुम्ही! मंग काय, मज्जाय. घ्यायचं, खेळवायचं, रडलं की द्यायचं आईकडं फेकून. दुधापरीस साय ग्वाड."

"साय गोड आहे खरी बाई," मी म्हणलं, "पण पातेलं दुसऱ्याच्या घरात आहे."

ती इतकी हसली की पाटीतली जुडी खाली पडली. मलाही हसू आलं. नंतर तळेगाव येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत बसले आणि आपण काय बोलून गेलो ते मनात खुपत राहिलं.

केंदूर

फाट्यावर उतरले आणि समोर फ्लेक्स. विजेच्या दोन खांबांना बांधलेला, पंधरा फूट तरी असेल. मधोमध रुद्र, डोळ्यांवर काळा गॉगल. डाव्या हाताला त्याचे आजोबा, फेटा बांधलेले. आणि उजवीकडं, आजोबांएवढाच मोठा, लग्नातल्या कोटातला माझा महेश. खाली सोनेरी अक्षरांत "मामा, बेंगलोर". ह्या भागात बारशापासून निवडीपर्यंत सगळ्याला फ्लेक्स लागतो. आमच्याकडंही लागायला लागलेत, पण मामाचा एवढा मोठा फोटो मी पहिल्यांदा पाहिला. माझा फोटो कुठंच नव्हता. कुणी मागितलाच नव्हता, तर लागणार कुठून? मी आपली महेशच्या फोटोखाली पिशव्या घेऊन उभी राहिले. बाजूनं जाणारे आधी वर बघायचे, मग खाली.

घरी पोचताच विहीणबाईंनी पायांवर पाणी घातलं आणि विचारलं, "मामा कुठं ऱ्हायले?"

"येतोय. त्याचं विमान उद्याचं झालं," मी म्हणाले. आणि बोलताना कुणाच्या तोंडाकडं बघायला नको म्हणून पिशवीतून वाळे आणि झबलं काढलं आणि त्यांच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. शीतलचे सासरे, ज्यांना गावात सगळे आबा म्हणतात, दारात उभे होते. वाळ्यांकडं बघत होते.

मग रुद्र. मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली आहे. गावातल्या निम्म्या माणसांना मी झोळीच्या काट्याला टांगून त्यांचं वजन केलेलं आहे, त्यातले काही आता मला टायर पंक्चर काढून देतात. कसलंही रडकं लेकरू माझ्या हातात गप होतं, अशी माझी ख्याती. हात पुढं केले. रुद्रनं माझ्याकडं पाहिलं, ओठ काढला आणि असं भोकाड पसरलं की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. शीतल म्हणाली, "आई, त्याला सवय नाही ना तुझी." मला माहीत आहे, ह्या वयात लेकरं अनोळखी माणसाला बुजतात. मीच आयांना सांगायचे, मनाला लावून घेऊ नका. आता मी मनाला लावून घेतलं.

रात्री जेवायला मासवडी. नाव ऐकून मी माळकरी बाई दचकलेच. विहीणबाई हसल्या, "अवो, बेसनाची वडी हाय, आत तीळ-खोबऱ्याचं सारन. मासा फकस्त नावात." रस्सा झणझणीत, आमच्या येसराच्या आमटीला तोडीस तोड. भाजल्या जिभेनं दोन भाकरी खाल्ल्या. सगळे एकमेकांशी बोलत होते, मलाही वाढत होते, "घ्या ताई, लाजू नका" म्हणत होते. पाहुण्याला वाढतात तसं. त्यात त्यांचा काही दोष नाही, पण मला घरातलं कुणी "अगं, तेवढं मीठ दे गं" असं म्हणायला हवं होतं.

आबांचा दिवस

दुसऱ्या दिवशी मी नुसती बघत बसले. नोकरीवाल्याला असतो तसा आबांचा दिवस नातवाशी बांधलेला. उठल्या उठल्या रुद्र आबांच्या खांद्यावर. आधी गाय. मग विहिरीवरची मोटर, बटण रुद्रच्या बोटानं दाबायचं, पाणी आलं की दोघांनी "आऽऽलं!" म्हणायचं. मग शेवंतीच्या वाफ्यात चक्कर. मग दुधात कुस्करलेली भाकरी, तीही आबांच्याच हातानं. विहीणबाईंनी घास पुढं केला तर तोंड फिरवतो. रात्रपाळी करून आलेले जावई झोपलेले, शीतल स्वयंपाकात, आणि हा म्हातारा ओट्यावर लेकराच्या पुढं बसून कावळ्याचा आवाज काढतोय. त्याच्या तोंडावर जे समाधान होतं ना, ते मला बघवेना. खरं सांगते, हेवा वाटला. आजी म्हणून माझ्या वाट्याला काय, तर देव्हाऱ्यातले वाळे.

दुपारपर्यंत तीन बायका विचारून गेल्या, "मामा आले का?" मी दर वेळी विमान थोडं पुढं ढकललं. महेशला चार फोन केले, एकही उचलला नाही. उद्या जावळ होतं.

संध्याकाळी आबा म्हणाले, "ताई, चला, शेवंती दावतो." रुद्रला घरी ठेवलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. बांधावर उभं राहून ते म्हणाले, "येक ईचारू का? राग नका मानू."

"विचारा."

"मामा येत न्हाई ना?"

मी पायाखालचं ढेकूळ चपलेनं फोडत राहिले.

"तुम्ही आल्या आल्या वाळं देवापाशी ठिवलं. मामा वाटंत असता तर मामाचा आहेर मामाच्याच हातनं दिला असता तुम्ही. जुनं मानूस हाय तुम्ही, येवढी चूक करनार न्हाई."

तोंड लपवायला म्हणून जे केलं होतं, त्यानंच तोंड उघडं पडलं होतं. मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन रडले, आणि तेही व्याह्यासमोर. तीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांचे शेंबूड पुसले, पण त्या दिवशी माझं तोंड पुसायला पदर पुरेना. "आबा, मला लाज वाटते हो," मी म्हणाले. "महेशचे वडील गेल्यापासून माझ्याकडून द्यायचं असं काही राहिलं नाही. एक मामा होता. तोही आणता आला नाही."

आबांनी एक फूल खुडायला घेतलं आणि शेवटी खुडलंच नाही. "माझं बी काय लई दिस न्हाईत," म्हणाले. "पोरगं चाकनला घर बघतंय. शाळंसाठी म्हनं. दोन वर्सात ह्यो जानार. मंग ही मोटर मलाच लावायची आन् मलाच 'आलं' म्हनायचं. नातू म्हंजी वरच्या रानातनं आल्यालं पानी, ताई. आपल्या वाफ्यातनं जातंय तवर भिजून घ्यायचं. आडवायचं न्हाई." मग म्हणाले, "मांडीचं बघू उद्या. शेजारचं येक पोरगं शीतलला भाऊ मानतंय, त्याला बशीवतो. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

सकाळपासून मी ह्याच माणसाचा हेवा करत होते. आता त्यांच्या पाठोपाठ मी बांधावरून घराकडं निघाले.

जावळ

दारात मांडव, दोनशे माणूस, मागं जेवणाच्या कढया. केस उतरवायला गणपतनाना आलेले, पांढरी टोपी, हातात वस्तरा. मधे पाट मांडलेला. आबांनी त्या मानलेल्या भावाला हाक मारली. तो बिचारा शर्ट खोचत पुढं येऊ लागला. चांगला मुलगा, पण रुद्रला त्यानं उभ्या जन्मात दोनदा पाहिलं असेल. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी बायकांच्या गर्दीतून उठलेच.

"थांबा," म्हणलं. "मामा येणार नाही. येतो येतो असं मी खोटं सांगत होते, त्याची माफी करा. पण त्याच्या वाटणीचं माणूस मी आणलेलं आहे. मी बसते."

मांडवात कुजबूज झाली. मागून एक म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, "अगं बया! बाईमानूस मांडीवर घेतंय व्हय जावळाला? आन् त्या बी अशा..." आणि थांबल्या. "अशा" म्हणजे काय, ते माझ्या मोकळ्या कपाळावर सगळ्यांनाच वाचता येत होतं. मालक जाऊन सहा वर्षं झाली. शुभकार्यात मागं बसायची सवय मी स्वतःच लावून घेतलेली.  शीतल एकदा सासूकडं बघायची, एकदा माझ्याकडं.

विहीणबाई तोवर पुरणाच्या पातेल्याशी होत्या. पदराला हात पुसत आल्या. दोन दिवसांत ह्या बाईनं माझ्याशी "घ्या" आणि "बसा" यापलीकडं फार काही बोललेलं नव्हतं. त्या काकूंना म्हणाल्या, "आत्याबाई, जेवान गार व्हतंय." मग मला म्हणाल्या, "बसा." आणि नानांना म्हणाल्या, "काढा वस्तरा."

झालं. एवढंच. मी पाटावर बसले आणि आबांनी रुद्रला माझ्या मांडीवर ठेवलं.

तो रडला, अगदी मांडव डोक्यावर घेऊन रडला. नानांचा हात थांबला. "ताई, हाललं तर लागंल," म्हणाले. तेव्हा मला माझं काम आठवलं. काट्याच्या झोळीत लेकरू असंच किंचाळायचं, तेव्हा मी त्याच्या तळपायावर बोटानं हळूच टकटक करायचे. दार वाजवतो तसं, टक टक, थांबायचं, परत टक टक. लेकरू रडायचं थांबून पुढची टकटक कधी येते याची वाट बघतं. रुद्रचा पाय हातात घेतला आणि टक टक केलं. थांबले. रडणं चालूच. परत टक टक. हुंदका मधेच अडकला. त्यानं मान वळवून स्वतःच्या पायाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. टक टक. आता त्यानं माझी करंगळी मुठीत धरली.

नाना भराभर हात चालवत होते. जावयांची बहीण, म्हणजे रुद्रची आत्या, पदर पसरून केस झेलत होती, थोडे माझ्या लुगड्यावरही पडत होते. त्याचं डोकं माझ्या छातीला टेकलेलं, गरम, ओलं. मालक गेल्यापासून इतका वेळ मला कुणी धरून ठेवलेलं नव्हतं. पंधरा मिनिटं असतील फार तर. ती संपू नयेत असं वाटत होतं, आणि नाना मात्र कामाला भलतेच चलाख निघाले.

मग आंघोळ, झबलं, वाळे. आबांनी वाळे देव्हाऱ्यातून आणून माझ्याच हातात दिले. "मामाचा आहेर हाय, तुम्हीच घाला." त्या काकूंनी जेवताना मला शेजारी बसवून घेतलं आणि पुरणपोळीवर तूप ओतलं, जरा जास्तच.

परत दौंड

केस वाहत्या पाण्यात सोडायचे असतात. गावच्या ओढ्याला त्या दिवसांत पाणी नव्हतं, पाटही बंद. विहीणबाईंनी केसांची पुरचुंडी माझ्या हातात दिली. "तुम्ही दौंडाला जानारच हाय. भीमेत सोडा. आठवनीनं." घरातल्या माणसाला काम सांगतात, तसं सांगितलं. मी पुरचुंडी ब्लाउजात खोचली.

निघताना खळ्यावर कांद्याचा ढीग दिसला. दव पडू नये म्हणून त्यावर तो फ्लेक्स अंथरलेला. महेश पाठीवर पडून आभाळाकडं बघत होता.

दौंडला रिक्षा करून नदीवर गेले. काठ जलपर्णीनं भरलेला, पाणी कुठं दिसेना. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, हितूनच टाका की, कोन बघतंय?" म्हणलं, "मी बघतेय ना!" चप्पल काढली, लुगडं वर खोचलं आणि गुडघाभर चिखलात शिरले. हातानं पानं बाजूला केली तेव्हा थोडं मोकळं पाणी लागलं. पुरचुंडी सोडली. केस आधी तिथंच फिरले, मग हळूहळू सरकले. ते दिसेनासे झाल्यावर एकदम लक्षात आलं की आता माझ्याजवळ काहीच राहिलं नाही. काठावर येऊन बसले. तेवढ्यात महेशचा फोन आला.

"आई, झालं का गं जावळ? कुणाच्या मांडीवर केलं?"

"माझ्या."

 "पुढच्या महिन्यात जाऊन येतो," म्हणाला. "जा," मी म्हणलं. "पण आधी कळवू नको. पोचल्यावरच सांग." रागावले नव्हते. नुसती दमले होते.

घरी येऊन आता दहा-बारा दिवस झाले. कुलूप काढून आत आले तेव्हा घराला बंद घराचा वास होता, अजूनही आहे. एका माणसाची भाजी करायला मला अजून जमत नाही, दर वेळी उरते. ते लुगडं खुंटीला तसंच आहे, धुतलेलं नाही. त्यात बारीक केस आहेत, अंगाला टोचतात.

काल शीतलनं व्हिडिओ कॉल लावला. रुद्रचं गुळगुळीत डोकं, पायांत वाळे. मी हाक मारली. एरवी तो माझा आवाज ऐकून फोन तोंडात घालतो. काल त्यानं इकडं तिकडं पाहिलं, मग मटकन खाली बसला आणि पाय उचलून थेट फोनसमोर धरला. सगळ्या पडद्यावर नुसता तळपाय. शीतल म्हणाली, "अगं आई, हे काय नवीनच करतोय?"

मी इकडून काचेवर बोटानं टक टक केलं. थांबले. परत टक टक.

त्यानं दुसरा पाय पुढं केला.